शर्यत संपल्यानंतर

काही वर्षांपूर्वी व्हिटबीत लेक ओंटारिओच्या काठच्या पायवाटेवर, ऐन जानेवारीत, जाड कोट घातलेला एक कुत्रा भेटला. लांबच लांब पाय, खपाटीला गेलेले पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आपल्या मनात पहिला विचार येतो तोच माझ्या मनात आला: बिचाऱ्याला पोटभर खायला घालत नाहीत की काय! मालकीणबाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्यांनी हसून त्याचा कान उलटा करून दाखवला. आत आकडे गोंदलेले होते. उजव्या कानात जन्माचा महिना आणि वर्ष, डाव्या कानात नोंदणीचा क्रमांक. हा होता फ्लोरिडातल्या शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड.

कॅनडातला कायदा पॅरिम्युच्युअल पैजेची मुभा फक्त घोड्यांच्या शर्यतींना देतो. मग हे कुत्रे ओंटारिओत आले कसे? त्यामागे पन्नासएक वर्षांची, बहुतांशी बिनपगारी माणसांनी घडवलेली हकीकत आहे.

१९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल गावी ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थाने खोट्या, यंत्राने पळणाऱ्या सशामागे कुत्रे सोडून शर्यत लावली आणि एक नवा धंदा जन्माला आला. फ्लोरिडाने १९३१ मध्ये त्यावरच्या पैजा कायदेशीर केल्या. ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा झाला की पळायला लागतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो त्याची कारकीर्द आटोपते. आयुष्य मात्र बारा-बारा वर्षांचे! उरलेल्या वर्षांचा खर्च कोणी करायचा? कित्येक दशके याचे उत्तर फार निर्दय होते. न पळणारा कुत्रा मारून टाकला जाई.

१९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटन-अमेरिकेतल्या काही लोकांनी हे कुत्रे घरी न्यायला सुरुवात केली आणि त्यातून फक्त ग्रेहाउंडसाठी काम करणारे गट उभे राहिले. पुढे कॅनडातही असे गट निघाले. अमेरिकेतून गाड्या भरून कुत्रे यायचे आणि सीमेअलीकडे घरोघर वाटले जायचे.

एकाच जातीसाठी वेगळी संस्था कशाला, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. नामदेवमहाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तेव्हा त्यांनी जात विचारली नव्हती! पण या कुत्र्यांचे दुखणेच वेगळे. केनेलमध्ये वाढल्यामुळे जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. काचेचे दार त्याला दिसत नाही, तो सरळ त्यावर आपटतो. अंगावर चरबी नाही, म्हणून कोट. ससा किंवा खार दिसली की क्षणात ताशी साठ किलोमीटरच्या पुढे, म्हणून मोकळ्यावर पट्टा सोडायचा नाही. घरात मांजर असेल तर आधी त्याची परीक्षा घ्यायची. हे सगळे माहीत नसलेल्या भल्या माणसाने तो नेला, तर आठवड्यात परत तरी येतो किंवा हरवतो तरी.

म्हणून गट सुरू करताना कुत्र्यांआधी माणसे गोळा करावी लागतात. तात्पुरते सांभाळणारी चार-पाच घरे, सवलतीत दात आणि नसबंदी करून देणारा पशुवैद्य, रात्रभर गाडी हाकणारा कोणीतरी, आणि हिशेब लिहिणारा. नव्या घराची आधी पाहणी होते आणि पटले नाही तर कुत्रा गटाकडेच परत द्यायचा असे लिहून घेतात. पैशासाठी केक विकणे, वार्षिक सहल वगैरे. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला हे चित्र अनोळखी वाटू नये. फक्त आपल्याकडे केकच्या जागी बटाटेवडे.

मराठी माणसाला याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. मुधोळचे घोरपडे आपल्याला आठवतात ते शहाजीराजांच्या कैदेवरून. पण त्याच घराण्यातले, विसाव्या शतकाच्या आरंभीचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी दख्खनच्या शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. तिकडच्या बेरड शिकाऱ्यांजवळ असलेले चपळ कुत्रे त्यांनी हेरले, निवडून त्यांची पैदास केली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. आज मुधोळ कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ मध्ये लष्कराने काही पिल्ले मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. ग्रेहाउंडसारखीच बारीक कंबर, तसेच लांब तोंड. मालोजीरावांनी या जातीला काम आणि प्रतिष्ठा दिली म्हणून ती टिकली. ग्रेहाउंडच्या बाबतीत उलटे: कामानेच त्याचा घात केला, आणि गटांना त्याला कामाशिवाय जगायला शिकवावे लागले.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्लोरिडाच्या सुमारे ६९ टक्के मतदारांनी या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा देशातले १७ पैकी ११ ट्रॅक त्या एका राज्यात होते. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री तिथली शेवटची शर्यत झाली. २०२२ संपताना अमेरिकेत शर्यती फक्त वेस्ट व्हर्जिनियात उरल्या होत्या. ज्यासाठी गट काढले ते साध्य झाले, आणि गटांकडे कुत्रेच येईनात! अर्ज करणारी घरे जास्त, कुत्रे कमी. काहींनी काम आवरते घेतले. काहींनी आयर्लंडकडे आणि स्पेनच्या गाल्गो जातीकडे मोर्चा वळवला.

आपल्यापैकी कोणाला हे वाचून मुधोळ कुत्र्यांसाठी इथे असा गट काढावासा वाटला, तर एक गोष्ट आधी पाहावी लागेल. रेबीजच्या भीतीने कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून काही देशांतून दत्तक देण्यासाठी किंवा विक्रीसाठी कुत्रे आणणे बंद केले, आणि त्या यादीत भारत आहे. स्वतःचा पाळलेला कुत्रा लसीची कागदपत्रे घेऊन बरोबर आणण्याचे नियम वेगळे आहेत. म्हणजे पुण्याहून इकडे येताना घरचा मुधोळ सोबत येऊ शकतो, पण दुसऱ्याच्या घरासाठी आणता येणार नाही.