होशंगाबादचे विज्ञान : एका अध्यापनपद्धतीची तीस वर्षे

१/
इ.स. १९७२. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) हा नर्मदाकाठचा शेतीप्रधान जिल्हा. तेथील १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिकवण्याची रीत बदलून पाहण्यास राज्य सरकारने परवानगी दिली. या लहानशा प्रयोगातून उभा राहिलेला ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ तीस वर्षे टिकला आणि अखेर सरकारी आदेशानेच बंद झाला. त्याचा हा इतिहास.

२/
प्रारंभ दोन स्वयंसेवी संस्थांनी केला : रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. संशोधन सोडून ते खेड्यात आले होते. यशपाल यांच्यासारखे टीआयएफआरचे वैज्ञानिक आरंभीच पाठीशी उभे राहिले. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही सहभागी झाले.

३/
सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे, याचे तीन मार्ग समोर होते. पहिला रूढ मार्ग : पुस्तक वाचायचे, व्याख्या पाठ करायची. दुसरा : शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवायचा, मुलांनी पाहायचा. तिसरा : प्रयोग मुलांनीच करायचा, निरीक्षणे मांडायची आणि निष्कर्षही त्यांनीच काढायचा.

४/
निवड तिसऱ्या मार्गाची झाली. कारण साधे होते. पहिल्या दोन्ही मार्गांत उत्तर आधीच ठरलेले असते. मुलाने ते फक्त स्वीकारायचे असते. पुरावा पाहून मत बनवण्याची सवय हेच विज्ञानशिक्षणाचे उद्दिष्ट मानले, तर ती सवय ऐकून वा पाहून लागत नाही. मात्र या एका निवडीने पुढे किती गोष्टी बदलाव्या लागतील, याची कल्पना हळूहळूच येत गेली.

५/
आधी पुस्तक बदलले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात व्याख्या नव्हत्या आणि उत्तरेही नव्हती. होत्या त्या प्रयोगांच्या सूचना आणि प्रश्न. उत्तरे मुलांनी आपल्या वहीत लिहायची. प्रयोगाने पडताळता न येणारे अमूर्त विषय मागे ठेवले गेले. एकच लांबी प्रत्येकाने मोजली की आकडे थोडे वेगळे का येतात? नाणे पुनःपुन्हा उडवले तर छापा किती वेळा पडतो? मापनातील फरक आणि संभाव्यता हे विषय मुले अशा कृतींतून शिकत.

६/
मग साहित्य बदलले. मुले चार-चारांच्या गटांत बसत आणि प्रत्येक गटाला प्रयोगाचे सामान मिळे. महागडी उपकरणे परवडणारी नव्हती, म्हणून भोवतालच्या वस्तू कामी आल्या. फुलाचे भाग सुटे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा चालतो, हे वर्गातच उमगले. शेतात वाढलेल्या मुलांना फुले, पाने, कीटक आणि माती यांची ओळख होतीच. ती ओळख आता अभ्यासाचा भाग झाली.

७/
१९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतील एक तरुण अभियंता रजा घेऊन येथे आला : अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार उभे केले. काही पैशांत भूमिती मुलांच्या हातात आली. पुढे पुण्यातील आयुकाच्या बालविज्ञान केंद्रातून त्यांची ‘कचऱ्यातून खेळणी’ महाराष्ट्रभर पोहोचली.

८/
सर्वांत अवघड बदल शिक्षकाचा होता. उत्तर ठाऊक असणे हाच ज्याचा अधिकार, त्याने ‘मला माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणावे, ही अपेक्षा लहान नव्हती. म्हणून उन्हाळी प्रशिक्षणांत शिक्षक स्वतः मुलांसारखे प्रयोग करत, चुकत, प्राध्यापकांशी वाद घालत. वर्षभर मासिक बैठका होत. त्यांतील अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ची प्रकरणे पुन्हा लिहिली जात.

९/
मुलांच्या प्रश्नांसाठी एक काल्पनिक पात्र निर्माण झाले : सवालीराम. मुले त्याला पत्र लिहीत आणि त्यांना उत्तर येई. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे गावातल्या मुलाला पोस्टाने कळत होते.

१०/
आणि परीक्षा? ती जुनीच राहिली असती, तर सारे व्यर्थ होते. वर्षभर प्रयोग करायचे आणि शेवटी व्याख्या लिहायच्या, असे झाले की मूल व्याख्याच पाठ करते. म्हणून राज्य सरकारने या शाळांना वेगळी परीक्षा घेऊ दिली. लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून पाहण्याची मुभा होती. सोबत प्रात्यक्षिक परीक्षाही असे. भारतातील सरकारी शाळांसाठी ही सवलत असामान्य होती.

११/
१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व मिडल शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. विस्तार होत होत तो सुमारे १५ जिल्हे, १,००० शाळा आणि १ लाख विद्यार्थ्यांपर्यंत गेला.

१२/
पण पेच नववीच्या दारात होता. तेथे पुन्हा जुने पुस्तक, जुनी परीक्षा. ‘आमची मुले पुढे मागे पडतील’ ही पालकांची भीती खोटी म्हणता येत नाही; खेड्यातील कुटुंबाला गुण हाच नोकरीचा रस्ता दिसत होता. या तक्रारीला राजकीय आवाज मिळाला. साऱ्या राज्यात एकच पाठ्यपुस्तक असावे, हा आग्रहही होता. देशभरातील वैज्ञानिक आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, तरी २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला.

१३/
तीनच वर्षांनी, यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ तयार झाला. मुलाने ज्ञान स्वतः रचावे, शिक्षण घोकंपट्टीपासून दूर न्यावे, परीक्षा लवचीक करावी, हे त्याचे सूत्र. होशंगाबादच्या शाळांत जे तीस वर्षे चालले होते, ते राष्ट्रीय धोरणाच्या भाषेत परतले. त्या शाळांत मात्र तोवर जुन्या पद्धतीचे पुस्तक परत आले होते.

१४/
होशंगाबादची पद्धत वर्गात हरली, असे म्हणण्यास आधार नाही. ती अडली वर्गाबाहेर, आठवी आणि नववीच्या मधल्या उंबरठ्यावर. अध्यापनपद्धत निवडणारा शिक्षक वा संस्था पुस्तक बदलू शकते, साहित्य जमवू शकते, स्वतःही बदलू शकते. पुढची परीक्षा कोणाच्या हाती आहे, यावर त्या निवडीचे आयुष्य ठरते. १६ शाळांतून सुरू झालेल्या या प्रयोगाने मागे ठेवलेला सर्वांत मोलाचा धडा तोच.