फ्लोट केलेली चित्रे (वेबपानाची मांडणी)

वेबपानावर चित्र डाव्या किंवा उजव्या कडेला लावून उरलेल्या जागेत मजकूर वाहू देण्याची रीत म्हणजे फ्लोट. डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या सीएसएस या वेबपानाच्या मांडणीभाषेच्या पहिल्या आवृत्तीपासून हा नियम आहे. त्याची मूळ अडचण उंचीची. फ्लोट केलेल्या चित्राची उंची बाहेरची चौकट हिशेबात धरत नाही. मजकूर आखूड असला की चौकट मजकुराबरोबर संपते, चित्र खाली लोंबते आणि पुढचा मथळा त्याला खेटून बसतो.

मराठीत हा दोष सर्वांत ठळक दिसतो तो विकिपीडियावरील गावांच्या लेखांत. इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरसारख्या गावाच्या नोंदीचा साचा ठरलेला असतो: उजवीकडे उंच माहितीचौकट, डावीकडे हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा या मथळ्यांखाली एकदोन ओळी. तिथे कोणी गावच्या औद्योगिक वसाहतीचे छायाचित्र ‘इवलेसे|उजवे’ लिहून घातले, तर ते माहितीचौकटीच्या खाली ढकलले जाऊन थेट संदर्भांच्या यादीशेजारी उमटते. पुढचे चित्र ‘डावे’ केले तरी तेही खालीच राहते, कारण कोणताही फ्लोट संहितेत आधी आलेल्या फ्लोटच्या वरच्या कडेपेक्षा वर चढू शकत नाही. म्हणून आधी चित्रांचा क्रम तपासावा.

रूढ उपाय ‘क्लिअर’चा. पुढच्या मथळ्याला क्लिअर लावला की तो फ्लोट संपल्यावरच सुरू होतो. पण उंच माहितीचौकटीशेजारी हाच उपाय अर्धे पान कोरे सोडतो. छोट्या नोंदीत चित्रे शेवटी चित्रदालनात द्यावीत. त्याहून चांगले म्हणजे मजकूर वाढवावा: पुणे–सोलापूर महामार्ग, औद्योगिक वसाहत, जवळचा उजनीचा जलाशय, ऊसशेती यांवर चार परिच्छेद आले, तर चित्रांना आपसूक जागा मिळते. गावाबद्दल सांगण्यासारखे एवढे असताना नोंद दोन ओळींत उरकणे, हीच खरी उणीव आहे.

स्वतःच्या संकेतस्थळावर बाहेरच्या चौकटीला ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ द्यावे, मग चित्राची उंची धरली जाते. पूर्वी त्यासाठी ‘ओव्हरफ्लो: हिडन’ वापरत, पण त्यात चौकटीबाहेर आलेला भाग कापला जातो. डावीकडच्या चित्रावर यादीचे ठिपके चढतात, तेव्हा यादीलाच फ्लो-रूट लावावे.

मोबाइलवर मराठी मजकुराची अडचण जास्त. ‘ग्रामपंचायतीच्या’ यासारखा शब्द चित्राशेजारच्या अरुंद पट्टीत ओळीला एकटाच उरतो, किंवा मावत नाही म्हणून चित्राखाली जातो. अरुंद पडद्यासाठी मीडिया क्वेरीत ‘फ्लोट: नन’ करून चित्र पूर्ण रुंदीचे करणे योग्य.

संपूर्ण पानाचे रकाने पाडण्यासाठी आता फ्लेक्सबॉक्स आणि २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेली ग्रिड वापरतात. मजकूर चित्राला वळसा घालून जावा असे वाटत असेल, तर मात्र आजही फ्लोटच लागतो.