पेशव्यांच्या सनदा आणि आंतरजालावरील दप्तर

आमचे सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, हे आपणांस विदित आहेच. मात्र त्यानंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो वाद झाला, त्याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. दमणहून दादरा व नगरहवेलीस येण्याच्या वाटेचा हक्क मागण्यासाठी पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध फिर्याद केली आणि आधार म्हणून १७७९ चा पुण्याचा तह व १७८३ आणि १७८५ च्या मराठेशाहीतील सनदा पुढे मांडल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, या सनदांनी सालिना १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम दिला होता, मुलखाचे स्वामित्व नव्हे. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगालची सत्ता मान्य होत गेली, ही गोष्ट वेगळी. पाऊणदोनशे वर्षांपूर्वीचा कागद न्यायाधीशांना वाचता आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या काळाकडे पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले. २००४ साली गूगल कंपनीने ऑर्कुट सुरू केले आणि भारतातील लक्षावधी तरुणांनी त्यावर आपली मैत्री, छायाचित्रे व आठवणी सोपविल्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. त्यापूर्वी २००९ साली याहूने जिओसिटीज मोडीत काढले आणि २०२० साली याहू ग्रुप्सचीही तीच गत झाली. पूर्वसूचना मिळाली होती खरी. परंतु ज्यांनी मुदतीत आपले लेखन उतरवून घेतले नाही, त्यांचे लेखन गेले.

कागद अमर असतो, असे मी म्हणत नाही; त्यालाही वाळवी लागते. भेद आहे तो राखणदाराचा. दप्तर सांभाळणे हे राज्याचे काम होते, कारण महसूल आणि हक्क त्यावर अवलंबून असत. कंपनी आपले दप्तर सांभाळते ते व्यवहार परवडतो तोवर. यात तिचा दोष नाही. ती व्यापारासाठीच निघालेली असते. व्यापाऱ्याच्या वखारीला आपण आपले दप्तरखाने समजू लागलो, ही चूक आपली आहे.

२०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल सेवेमुळे आमच्या पाड्यापाड्यांतून बोलणे व चित्रे क्षणात फिरू लागली. ही सोय मोठी आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु १९५४ चा तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी नातवंडे मोबाइलवर टिपून घेतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. माझे सांगणे एवढेच की, त्या आठवणी वहीत उतरवाव्यात, तारीख व गाव लिहावे, आणि एक प्रत घरी ठेवून दुसरी शाळेत किंवा ग्रंथालयात द्यावी. उद्या आमच्या मुलखाविषयी कोणी प्रश्न विचारला, तर दाखवावयास आमच्यापाशी काही असले पाहिजे.