मधमाशीचा गृहप्रवेश

इ. स. १९५६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ वॉरविक केर यांनी आफ्रिकेतून राणीमाश्या ब्राझीलमध्ये आणविल्या. उष्ण हवेत युरोपीय माशी मध कमी देई. तीवर संकराचा उपाय योजिला होता. १९५७ साली रिओ क्लारोजवळील पेट्यांतून २६ राण्या थव्यांसह निसटल्या. त्यांची संकरित संतती १९९० मध्ये टेक्सासला पोहोचली. वृत्तपत्रांनी तिच्या क्रोधाचीच चर्चा केली. ती घरांत का शिरते, याचा विचार क्वचितच झाला. युरोपीय माशीस हिवाळ्याकरिता मोठा मधुसंचय करावा लागतो, म्हणून ती सुमारे ४० लिटरची पोकळी पसंत करते. उष्ण प्रदेशातील माशीस ही विवंचना नसल्याने लहान जागाही पुरते. साहजिकच भिंतींतील पोकळ्या, छपराखालचे कोपरे, किंबहुना पाण्याच्या मीटरच्या पेट्याही तिने व्यापिल्या.