आकडे मशीनचे, कान बाबांचे

आजचा एपिसोड एका जळक्या वासापासून सुरू होतो.

मागच्या महिन्यात मी घरी छोटं सीएनसी राऊटर जोडलं. याला '३०१८' म्हणतात, कारण बेड साधारण ३० बाय १८ सेंटिमीटरचा असतो. सागवानाच्या फळीवर घराची पाटी कोरायची होती. पहिलंच काम, म्हणून फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, मी मुद्दाम कमी ठेवला. दोन मिनिटांत अक्षरांच्या कडा काळ्या पडल्या.

बाबा आतल्या खोलीत होते. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं मिलिंग मशीन चालवलेला माणूस. नुसता आवाज ऐकून म्हणाले, "अरे, टूल कापत नाहीये, घासतंय. खोली कमी कर, फीड वाढव." मी बदल केला. पिठासारखा भुसा पडत होता, तिथे बारीक छिलके निघायला लागले. वासही गेला.

आता गंमत बघा. हे मशीन जन्मलं तेव्हा असे कान लागूच नयेत, असं काहींना वाटत होतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याचा वक्राकार नमुना कापायचा, तर आधी पंचकार्डच्या मशीनवर त्यावरचे बिंदू काढायचे. मग एक जण आकडे मोठ्यानं वाचणार आणि दोन कामगार एकेक हँडव्हील फिरवून टूल त्या बिंदूवर नेणार. पार्सन्सना वाटलं, हे आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत?

१९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलानं या कामाला पैसे दिले. पुढे एमआयटीची प्रयोगशाळा त्यात आली आणि १९५२ मध्ये तिथे छिद्रं पाडलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. कंट्रोलच्या कपाटात शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या.

पण त्याच काळात दुसराही एक मार्ग होता, 'रेकॉर्ड-प्लेबॅक'. कुशल कामगारानं पहिला जॉब स्वतः करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदवायच्या, पुढचे जॉब टेप करेल. जनरल इलेक्ट्रिकनं हे करूनही पाहिलं होतं. मग आकड्यांचा मार्ग का जिंकला? विमानाचे गुंतागुंतीचे आकार हातानं कापणं अवघड, हे एक कारण होतंच. पण इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात दुसरं कारण मांडलं: व्यवस्थापनाला कामाचा ताबा कामगाराच्या हातून काढून ऑफिसच्या टेबलावर आणायचा होता.

आता २००९ मध्ये या. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुद यांनी 'जीआरबीएल' हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. जी-कोड वाचून मोटर फिरवणारा हा प्रोग्रॅम आर्डुइनोच्या ३२ किलोबाइटमध्ये मावतो. कपाटभर यंत्रणा तळहातावर आली! २०११ मध्ये एडवर्ड फोर्ड यांनी 'शेपओको' हे घरी जोडायचं राऊटर किकस्टार्टरवर आणलं. माझं ३०१८ त्याच वंशातलं.

जी-कोडमध्ये 'जी१ एक्स२० एफ३००' म्हणजे एक्स अक्षावर २० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत सरळ जा, मिनिटाला ३०० मिलिमीटरच्या वेगानं. हे मी लिहू शकतो. पण त्या 'एफ'पुढे कोणता आकडा हवा, ते या सागवानावर, या टूलनं काय आवाज येतोय त्यावर ठरतं. टेपवर आकडा चढला, तो ठरवणारा कान मात्र माणसाकडेच राहिला.

घरच्या राऊटरवर डिझाइन करणारा आणि मशीनजवळ उभा राहणारा माणूस एकच असतो. १९५२ मध्ये वेगळी झालेली ही दोन कामं इथे परत एकत्र येतात. माझ्या बाबतीत मात्र अजून दोन माणसं लागतात.

पाटी दारावर लागली आहे. पहिल्या अक्षराची काळी कड तशीच ठेवलीये. बाबा म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळी आठवेल."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!