धरणगावची दुसरी वखार

१/४
इ.स. १६७४ मध्ये धरणगावात इंग्रजांची वखार होती. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ही संपन्न पेठ लुटली. वखारीचा इतिहास असा सनावळीनिशी सापडतो. घरातील भाजीच्या साठवणीला मात्र सनावळी नसते.

२/४
खानदेशात भाजीचा सुकाळ हिवाळ्यात, टंचाई उन्हाळ्यात. भाजी थंड ठेवण्याचे साधन नव्हते. कोरडे, प्रखर ऊन मात्र मुबलक होते. वांग्याच्या काचऱ्या, गवारीच्या शेंगा आणि मेथीची पाने धाब्याच्या घरांवर वाळत.

३/४
भाजीतील पाणी गेले की बुरशी व जिवाणू वाढत नाहीत. म्हणून वाळवण कडकडीत झाल्याखेरीज मडक्यात भरत नसत. किंचित ओल राहिली, तर ऐन पावसाळ्यात सारे मडके नासे.

४/४
हवाबंद बाटलीत अन्न टिकवण्याची रीत निकोला आपेरने १८१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. धाब्यावर वाळवण राखणाऱ्या बायांची नावे इतिहासात उरली नाहीत. पण आषाढात, मळ्यात नवी भाजी येण्यापूर्वी, ताटात पडणारी भाजी त्यांच्याच वखारीतली असे.