युरेनियम आणि जडपणाचा दाखला

लोखंडापेक्षा जड मूलद्रव्ये अतिनवताऱ्यांच्या स्फोटात जन्मतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून, आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांतून आणि वर्तमानपत्रांच्या विज्ञानपानांवरून इतक्या वेळा आले आहे की आता ते कोणी तपासत नाही. त्याच्या मागोमाग दुसरे येते: युरेनियम फार जड, म्हणून पृथ्वी वितळलेली असताना ते तळाशी गेले आणि वर उरले ते जादुगुड्याच्या खाणीसारख्या मोजक्या ठिकाणी. मग यवतमाळच्या काळ्या पाषाणाचा त्याच्याशी काय संबंध? दोन्ही विधाने वजनावर उभी आहेत आणि दोन्हीकडे वजन हाच चुकीचा साक्षीदार आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर व फ्रेड हॉइल या चौघांनी मूलद्रव्यांच्या जन्माची मांडणी केली. त्याच वर्षी अॅलिस्टर कॅमेरॉन स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षांवर पोहोचले. लोखंडापुढे अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळत नाही. तिथून पुढचा प्रवास न्यूट्रॉन गिळत करावा लागतो, हे त्यांनी दाखवले. त्या काळी एवढे न्यूट्रॉन एकदम सुटतील असे ठिकाण म्हणून स्फोट पावणारा तारा समोर होता. तर्क रास्त होता. मात्र पुढे लोकांच्या तोंडी तो बदलला. न्यूट्रॉनचा प्रश्न मागे पडला आणि ‘जितके जड, तितका मोठा स्फोट’ एवढेच उरले.

युरेनियमच्या अणुकेंद्रात ९२ प्रोटॉन आणि बहुतांशी १४६ न्यूट्रॉन असतात. एकेक न्यूट्रॉन सावकाश गिळत गेले तर वाट बिस्मथपाशी संपते, कारण त्यापुढची केंद्रे टिकण्याआधीच फुटतात. ती दरी ओलांडायला काही क्षणांत न्यूट्रॉनचा महापूर लागतो. नेहमीच्या अतिनवताऱ्यात तो मिळत नाही. नुकत्याच जन्मलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यातून बाहेर पडणारे न्यूट्रिनो आसपासच्या कितीतरी न्यूट्रॉनचे प्रोटॉन करून टाकतात. संगणकावर आजवर केलेल्या बहुतेक गणितांत ही प्रक्रिया युरेनियमपर्यंत पोहोचण्याआधीच थंडावते.

गणितावर विश्वास नसेल त्याने समुद्रतळाकडे पाहावे. प्लुटोनियम-२४४ हे युरेनियमचे भावंड. ते याच प्रक्रियेत बनते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे आहे. नेहमीचे अतिनवतारे ते बनवत असतील, तर आपल्या आकाशगंगेत शतकात एक-दोन असे स्फोट होत असल्याने त्याची धूळ पृथ्वीवर सतत पडत राहायला हवी. अँटन वॉलनर आणि सहकाऱ्यांनी खोल समुद्रातल्या थरांत ते शोधले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला: अपेक्षेच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याइतकेच सापडते. म्हणजे हा कारखाना रोजचा नाही. तो फार क्वचित चालतो आणि चालतो तेव्हा भरपूर माल काढतो. या एका पुराव्यापुढे जुने वाक्य जसेच्या तसे उभे राहू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मग कारखाना कोणता? १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. पुढचे काही दिवस जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही रेडिओ लहरींत पाठपुरावा केला. टकरीतून उधळलेल्या राखेचा प्रकाश निळ्याकडून अवरक्ताकडे सरकला, जसा तो जड मूलद्रव्ये ताजी बनली असता सरकायला हवा. त्यात स्ट्रॉन्शियमची खूणही मिळाली. युरेनियमची स्वतःची रेषा तिथे दिसलेली नाही, हे लपवण्याचे कारण नाही. अतिशय जुन्या ताऱ्यांतही युरेनियम सापडते, म्हणून टकरींखेरीज आणखी एखादा वेगवान उगम असावा, ही शंकाही खरी आहे. मॅग्नेटार नावाच्या प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांचे उद्रेक आणि अतिवेगाने फिरत कोसळणारे विरळा तारे यांची नावे त्यासाठी पुढे आहेत. पण हे सगळेच दुर्मिळ प्रकार आहेत. ‘अतिनवतारा’ हे सरसकट उत्तर त्यांनी वाचत नाही.

आपल्या सूर्यमालेच्या जन्माआधी शेजारी एक तारा फुटला आणि त्याने हे युरेनियम दिले, हेही वारंवार ऐकू येते. युरेनियम-२३५ हे युरेनियम-२३८ पेक्षा सहापट लवकर क्षीण होते, आणि जन्मताना मात्र ते किंचित जास्तच बनते. पृथ्वी घडली तेव्हा त्यांचे प्रमाण साधारण एकास तीन इतके उतरलेले होते. सगळे युरेनियम एकाच घटनेत बनले असे धरले, तरी ती घटना पृथ्वीच्या सुमारे दोन अब्ज वर्षे आधीची निघते. प्रत्यक्षात अनेक घटनांचा माल मिसळला असणार.

आता जमिनीवर येऊ. घनता पाहिली तर सोने १९.३ आणि युरेनियम १९.१. वजनच ठरवणार असते तर दोघे एकाच वाटेने गेले असते. पण पृथ्वीचे बहुतेक सोने लोखंडाबरोबर गाभ्यात उतरले. युरेनियम ऑक्सिजनशी बांधले गेले आणि खडकांत राहिले. त्याचा आयन मोठा. प्रावरणातल्या खनिजांच्या घट्ट रचनेत तो मावत नाही, म्हणून खडक वितळू लागला की रसाबरोबर वर येतो. भूकवचात त्याचे प्रमाण टनामागे सुमारे २.७ ग्रॅम आहे, सोन्याच्या हजारपटीच्या आसपास.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेला आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी असते. तरी टनामागे अर्धाच ग्रॅम धरला, तर एकरभर जागेतल्या एक मीटर जाडीच्या पाषाणात पाच-सहा किलो भरते. खाणीच्या दृष्टीने ते कवडीमोल, पण ते तिथे आहे. पूर्वेला वणीकडे लाव्हा संपतो आणि पैनगंगा गटाची चुनखडी व दगडी कोळसा लागतो. तिथे नियम पुन्हा रसायनाचाच: ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम विरघळून वाहते आणि सेंद्रिय द्रव्य भेटले की खाली बसू शकते. म्हणूनच जगभरच्या कोळशात ते अल्प प्रमाणात आढळते आणि कोळसा जळाल्यावर बरेचसे राखेत उरते.

टकरींच्या बाजूने मी बोलतो आहे, पण निकाल मोजणीनेच लागेल. दर वर्षी किती टकरी होतात आणि प्रत्येक टकरीतून किती द्रव्य बाहेर पडते, हे दोन आकडे पक्के व्हायला हवेत. त्यासाठी लहर नेमक्या कोणत्या दिशेने आली ते कळले पाहिजे, तरच दुर्बिणी वेळेत वळतील, आणि दूरदूरच्या वेधशाळा जितक्या अधिक तितकी दिशा नेमकी. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेली लायगो-इंडिया याच कामासाठी औंढा नागनाथ परिसरात, चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंसह उभी राहायची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकरांना पैनगंगा ओलांडली की औंढ्याचा हिंगोली जिल्हा. तिथल्या नोंदींतून टकरी फारच थोड्या निघाल्या, तर टकरींचा पक्षही सोडावा लागेल आणि मॅग्नेटारांचा नव्याने तपासावा लागेल.